सत्त्याण्णवचा कागद

हादरा बसला तेव्हा मी चहा गाळत होतो. जुलैमधली सकाळ, सात वाजून गेलेले. मांडणीवरचा एक पेला शेजारच्या पेल्यावर किणकिणला, मग पायाखालून काहीतरी सरकत गेल्यासारखं झालं, आणि मी गाळणं हातात तसंच धरून मोजायला लागलो. पहिली बारीक थरथर आणि तिच्यामागून येणारा मोठा हेलकावा यांच्यामध्ये किती सेकंद गेले ते मोजायचं, त्याला आठानं गुणायचं, की जमीन किती किलोमीटरवर हलली त्याचा अंदाज येतो. सात मोजले. म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर, म्हणजे हिंगोलीकडचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण घर हललं की लोक देवाचं नाव घेतात आणि मी आकडे मोजतो. दारात आलो तोवर सगळी गल्ली रस्त्यावर उतरली होती. कुणी बनियनवर, कुणाच्या तोंडात ब्रश, एका बाईच्या हाताला कणीक. आणि जो तो दुसऱ्याला एकच विचारत होता, "तुमाला जाणवलं का?" समोरचे आबासाहेब बायकोला विचारत होते, बायको सुनेला, सून नवऱ्याला. सगळे एकाच घरातून बाहेर आलेले, सगळ्यांना सारखंच जाणवलेलं, तरी विचारत होते. "माझा तर पलंगच सरकला बाप्पा," असं कुणी म्हणालं की बाकीचे आपापला पलंग सांगायचे. मी गाळणं घेऊन उंबऱ्यात उभा होतो. माझ्याकडे अंतर होतं, दिशा होती, तीव्रतेचा अंदाजही होता. विचारायला कुणी नव्हतं. पाच-दहा मिनिटांनी गल्ली हसत-खिदळत आत गेली, आणि मी आत येऊन पाहिलं तर निम्मा चहा ओट्यावर सांडला होता.

तेवढ्यात फोन वाजला. संघप्रिया. "काका, जाणवलं का?" तिनं हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, आणि मी, अडुसष्ट वर्षांचा बाप्या, उत्तर द्यायच्या आधी घसा खाकरून घेतला. "सात सेकंद," मी म्हणालो. ती हसली. "बरोबर हाय तुमचं. मशीन पण तेच म्हणायलंय." संघप्रिया आमच्या परभणीचीच पोरगी. वडील भगवानराव, शाळामास्तर. ती पुण्याच्या एका संस्थेत भूकंपांवर पीएच.डी. करते. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी मोठी वेधशाळा उभी राहायची आहे, तेव्हापासून आमच्या भागातल्या जमिनीच्या बारीक थरथरीला एकाएकी भाव आला आहे. इथली जमीन किती शांत, हे कुणालातरी मोजून हवं आहे. मग भूकंपयंत्राचे जुने कागद बाहेर निघाले, त्या कागदांसोबतचं रजिस्टर निघालं, आणि रजिस्टरच्या प्रत्येक पानावर खाली माझी सही, ‘बन्सीधर, निरीक्षक’. सहीवरून माणूस शोधत ती दोन महिन्यांपूर्वी माझ्या दारात आली. तेव्हापासून दर रविवारी येते. आई-वडिलांकडे म्हणून पुण्याहून येते आणि दोन तास माझ्याकडे काढते. मी शनिवारीच बिस्किटं आणून ठेवतो. माझा मुलगा जीवनही पुण्यालाच असतो, त्याचाही फोन रविवारीच येतो. एरवी मी आठवडाभर कुणाशी बोललो त्याचा हिशेब काढला, तर दूधवाला दत्ता, भाजीवाली, आणि चुकीचा नंबर लागलेला एक माणूस, ज्याला मी उगीच दोन मिनिटं धरून ठेवलं होतं.

मी नोकरी केली ती येलदरीच्या अलीकडे, एका टेकडीवर. किल्लारी झाली आणि सरकारला जमिनीची आठवण आली. जागोजाग यंत्रं बसली, त्यातलं एक माझ्या वाट्याला आलं. टेकडीवर दोन खोल्यांचं क्वार्टर, मध्ये मोकळं अंगण, आणि वीस पावलांवर यंत्राची खोली. खोलीत थेट खडकापर्यंत नेलेला सिमेंटचा चौथरा, त्यावर यंत्र. खाली धरणाचं पाणी, आणखी खाली कामगारांची वसाहत. आताच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण आमचं यंत्र काजळीवर लिहायचं. गुळगुळीत कागद ढोलावर गुंडाळायचा, खाली रॉकेलचा दिवा धरायचा, ढोल फिरवत फिरवत सबंध कागद काळा करायचा, आणि मग एक बारीक सुई त्या काजळीत चोवीस तास पांढरी रेघ ओढत राहायची. जमीन हलली की रेघ हलायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कागद काढायचा, लाख आणि स्पिरिटच्या पाण्यातून बुडवून वाळत टाकायचा, की काजळी पक्की व्हायची. तो वास अजूनही कधी कधी येतो. रॉकेल आणि लाख. कागद काळा करायचं काम माझी बायको कमल माझ्यापेक्षा चांगलं करायची. माझा कागद डागाडागांचा व्हायचा, तिचा एकसारखा, घोटलेल्या पाटीसारखा. उरलेली काजळी ती तुपात कालवून जीवनच्या डोळ्यांत घालायची. सरकारी काजळ, असं मी चिडवायचो, आणि ती म्हणायची, "तेवढंच सरकारनं दिलं बगा आमाला."

यंत्राला सगळं ऐकू जायचं. खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला तर ट्रक, टेकडीवर गाय आली तर गाय. आणि कमल आली तर कमल. पहिल्याच महिन्यात मी भिंगातून पाहिलं, पहाटे साडेपाचला रेघेवर बारीक बारीक ठिपक्यांसारखी ओळ. वरच्या साहेबांचं पत्र आलं, कागदावर माणसाची वर्दळ दिसते, निरीक्षकानं दक्षता घ्यावी. मी दक्षता घेतली. अंगणात मुसळ चालवायचं नाही, धुणं आपटायचं नाही, जीवननं धावायचं नाही, बायकांनी वर येऊन गर्दी करायची नाही, आणि चालायचं ते टाचा न आपटता. कमल तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. माझं गाव बोरी, तिथून दोन कोसांवरच्या खेड्यातली, शेतातून अनवाणी पळालेली बाई. ती चवड्यांवर चालायला शिकली. लय छान शिकली. पुढे माझी बदली झाली, मग परभणीत हे घर बांधलं, इथं यंत्र नव्हतं, चौथरा नव्हता, वरचे साहेब नव्हते, तरी ती चवड्यांवरच चालत राहिली. मी पेपर वाचत बसलेला असायचो आणि चहाचा कप एकदम समोर यायचा. मी दचकायचो. "आवाज तरी करत जा गं," मी म्हणायचो.

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत सबंध जगातली भूकंपयंत्रं एकाएकी शांत झाली होती, हे मला संघप्रियानं दाखवलं. तिच्या लॅपटॉपवर वेगवेगळ्या देशांतल्या यंत्रांच्या रेघा होत्या. मार्चमध्ये जाड, केसाळ, आणि मग एकदम बारीक. माणसं घरात बसली, गाड्या थांबल्या, कारखाने थांबले, आणि पृथ्वीचा स्वतःचा आवाज वर आला. एरवी दबून जाणारे दूरचे बारीक भूकंपही तेव्हा टिपता आले. शास्त्रज्ञ मंडळी खूश झाली होती म्हणे. मी ती रेघ बघत बसलो. त्या दिवसांत ह्या घरात आम्ही दोघंच होतो, चोवीस तास, पंच्याहत्तर-ऐंशी दिवस. पत्त्यांचा जोड काढला नाही की जुन्या गोष्टी काढल्या नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत कमल गेली. लोक म्हणायचे, आता घर खायला उठत असेल, सुनं सुनं वाटत असेल. मी मान हलवायचो. खरी गोष्ट मला कुणाला सांगता आली नाही. ती गेल्यावर घरातल्या आवाजात काहीच फरक पडला नव्हता. मी कित्येक दिवस कप समोर यायची वाट पाहिली, तेवढंच.

हादऱ्यानंतरच्या रविवारी संघप्रिया आली ती पायातल्या चपला नीट न काढताच. डोळे चकाकत होते. त्या हादऱ्याचं सोडा म्हणाली, तुमच्या कागदात काय सापडलं ते बघा. तिनं त्या काजळीच्या कागदांचे फोटो काढून संगणकाला शिकवलं होतं की भूकंप कसा दिसतो. संगणकानं चौऱ्याण्णव ते दोन हजार चार, अकरा वर्षांचे कागद चाळले होते, माणसाच्या डोळ्याला दिसणार नाही अशा चिमुकल्या कंपांसकट. "दर पावसाळ्यात, काका, एक दिवस असा येतो की एका तासात चाळीस-पन्नास बारके कंप. गुच्छच्या गुच्छ. आधी काय न्हाई, नंतर काय न्हाई. धरण भरायला लागलं की खडकात पाणी मुरतं, दाब वाढतो, इथपर्यंत ठीक हाय. पण हाच दिवस का?" तिनं तारखा दाखवल्या. पंचाण्णवला एक ऑगस्ट. शहाण्णवला एकोणीस. अठ्ठ्याण्णवला जुलैचा शेवट. तारखा पुढंमागं उड्या मारत होत्या, आणि महिनाभर तिला त्यांचा मेळ लागत नव्हता. मग एके रात्री तिनं तारखांशेजारी चंद्र मांडला. "दर वर्षी चंद्र बरोबर तेवढाच, काका. अमावस्येपासून पाचवा दिवस. आणि वेळ बी तीच, सकाळी दहाच्या सुमाराला, म्हणजे चंद्र उगवायच्या टायमाला! समुद्राला भरती येते तशी खडकाला बी बारीक भरती येते. आधीच पाण्यानं दाबलेला खडक, त्यात चंद्राचा हात लागला की कडकड, कडकड. असं इतकं साफ कुठंच मिळालेलं न्हाई." बोलता बोलता ती हात हलवत होती. दोन महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसून तिनं मला गुरुत्वीय लहरी अशाच समजावल्या होत्या, दोन मुठी एकमेकींभोवती फिरवून. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरागरा फिरतात, जवळ येतात, आणखी जोरात फिरतात आणि शेवटी एक होतात. त्याची थरथर कोट्यवधी वर्षं प्रवास करून आपल्यापर्यंत येते, अणूच्या गाभ्याहूनही बारीक होऊन, आणि तरी माणसानं ती टिपली. तेव्हा मी म्हणालो होतो, हे तर फुगडीसारखं झालं. ती खूप हसली होती.

पाच दिवसांचा चंद्र आणि श्रावण. आमच्या बोरीतल्या कुठल्याही अंगठेबहाद्दर म्हातारीनं चटकन सांगितलं असतं. नागपंचमी. संघप्रियाच्या घरी हा सण नसतो, तिच्या वहीत तिथ्या नाहीत, तिच्याकडे चंद्राचं वय आहे. माझ्या हातातलं बिस्किट चहात विरघळून गेलं. ती रजिस्टर उघडून दाखवत होती, मूळ रजिस्टर, तिच्या संस्थेनं पत्र देऊन मागवलेलं. "आणि हे तुमच्याच अक्षरात हाय, बगा. दर वर्षी. ‘स्थानिक सूक्ष्म कंप, निरीक्षकास व कुटुंबास जाणवले नाहीत.’ म्हणून तर मी एवढ्या भरवशानं म्हणायलेय. एकच यंत्र होतं, ताळा करायला दुसरं नव्हतं, पण माणूस होता ना तिथं." मग तिनं एक पान उलटलं. "फक्त एक साल बसत न्हाई. सत्त्याण्णव. पाणी होतं, चंद्र होता, पण कागद कोरा. सरळ रेघ. परीक्षक पहिलं बोट तिथंच ठेवतील. तुमाला काय आठवतं का त्या सालचं? पुढच्या आठवड्यात पेपर पाठवायचाय." मी म्हणालो, आठवून बघतो. खरं म्हणजे मला काय म्हणायचं होतं ते तोंडाशी आलं होतं. पण ती इतकी खूश होती, आणि मी ते बोललो असतो तर तिचं काम त्याच मिनिटाला संपलं असतं, आणि रविवारही. ती गेल्यावर मी दार लावलं नाही, तसाच उभा राहिलो, आणि स्वतःला म्हणालो, लबाडा.

मी दर पंचमीला घरी नसायचो. माझी थोरली बहीण, अक्का, सेलूकडे दिलेली. पंचमीला लेकीनं माहेरी यायचं आणि भावानं आणायला जायचं, ही रीत. आई होती तोवर आई म्हणायची, तू न्हाई गेलास तर ती उंबऱ्यात बसून ऱ्हाती रे. म्हणून मी जायचो. आदल्या दिवशी अक्काला आणून बोरीला सोडायचो, रात्री टेकडीवर परत यायचो, आणि पंचमीच्या सकाळी साडेआठच्या गाडीनं पुन्हा बोरी, दिंडं खायला आणि अक्काच्या हातानं ओवाळून घ्यायला. कमलचं माहेर तिथून दोन कोसांवर होतं. तिलाही भाऊ होता, बैलगाडी जुंपून दोनदा आला होता. पण यंत्र सोडून कसं जायचं? आठला कागद बदलायचा, दिवसभर घड्याळाकडे लक्ष ठेवायचं, आणि मी नसताना ते काम येणारी टेकडीवर एकटी कमलच होती. मीच शिकवलं होतं तिला. "तू आहेस म्हणून मला जाता येतं," असं मी तिला म्हणायचो, आणि मला वाटायचं, मी तिची स्तुती केली. अकरा पंचम्या ती माहेरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी मी परत येऊन कागद बघायचो, दहाच्या पुढे रेघ फुललेली दिसायची, आणि मी विचारायचो, "काल काही हादरा जाणवला का?" ती चुलीकडे तोंड करून म्हणायची, "न्हाई बा. मला तर काय बी जाणवलं न्हाई." मी तिचं म्हणणं जसंच्या तसं रजिस्टरात उतरवायचो. सूक्ष्म कंप वेळेवर कळवल्याबद्दल एकदा वरून शाबासकीचं पत्रही आलं होतं. ते मी तिला वाचून दाखवलं होतं. ती पदर तोंडाला लावून खोकत आत गेली. मला वाटलं, धूर लागला.

तीन दिवस मी स्वतःशी भांडलो. असेलही खरा भूकंप, कशावरून नाही? चंद्र खडकाला ओढतोच, हे पुस्तकात आहे. मग बुधवारी सकाळी मी जिंतूरची गाडी पकडली. आमच्या टेकडीचा पहारेकरी सूर्यभान कधीच वारला, पण त्याची बायको सोजरबाई जिंतूरला लेकाकडे असते, एवढं मला ठाऊक होतं. गाडी झरीवरून गेली, बोरीला थांबली, पाच मिनिटं उभी राहिली. मी खिडकीतून स्टँड बघितलं. अक्का गेली, आई गेली, उतरून तरी कुणाकडे जाणार होतो? दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याएवढं झालं होतं. पुढच्या सीटवर एक नवी नवरी माहेरी निघालेली दिसत होती, भाऊ शेजारी पिशवी सांभाळत बसलेला, आणि ती सारखी त्याला विचारत होती, "आता कुठं आलो रे?" रस्ता तिला पाठ असणार.

सोजरबाईनं मला ओळखायला वेळ घेतला. मग एकदम म्हणाली, "अगं माय, मशीनवाले सायब! किती वाळलाव!" पाणी दिलं, कमलचं विचारलं, मी सांगितलं. मी आडवळणं घेतली नाहीत. विचारलं, "बाई, मी बोरीला गेल्यावर पंचमीला वर अंगणात तुम्ही फुगड्या खेळायचात का?" तिनं तोंडावर हात ठेवला. सत्तरी उलटलेली बाई, आणि आता रागावतील अशा नजरेनं माझ्याकडे बघत होती.

"आता सांगायला काय हरकत हाय म्हना," ती म्हणाली. "तुमची गाडी वळणाआड झाली का कमळबाई पदर खोचायची. खालच्या वसाहतीतल्या धा-बारा जणी वर यायचो. घामाघूम व्हईस्तोर खेळायचो, तासभर. तिच्यासारखी फुगडी कुनाची नव्हती बगा. समोरची बाई उडून पडायची. मी भ्यायची. म्हनायची, कमळबाई, सायब वरडतील, मशीनमंदी उमटंल. तर ती म्हनायची, उमटू द्या की. आपन कागद सोता काळा केलाय, चांगला घोटून. मानसाला न्हाई कळत तर न्हाई, मशीनला तरी कळू द्या का आमी बी हावोत हितं."

मला तिथं रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला आधी राग आला, अकरा वर्षं मला बनवलं म्हणून, आणि तो राग गिळतो न गिळतो तोच लाज वाटली. म्हणजे तिला माहीत होतं. मी परत येऊन भिंग लावून बघणार, हे माहीत होतं. दर वर्षी ती मला कागदावर काहीतरी सांगत होती आणि मी ते मोजून, आठानं गुणून, फाईलला लावत होतो. मी सोजरबाईला शेवटचं विचारलं, "एका साली नाही खेळलात का? सत्त्याण्णव साली?"

ती आठवत बसली. मग म्हणाली, "आवं, त्या साली तुमी घरीच व्हते की. तापीनं फणफणले व्हते. आमी टेकडीच्या निम्म्यात आलो, तर कमळबाई वट्ट्यावर बसलेली. नवं लुगडं नेसून. तिनं हात केला, जा म्हनून. आमी माघारी गेलो." पुढं म्हणाली, "ती बसूनच व्हती पर, लई येळ."

परतीच्या गाडीत मला तो ताप आठवला. मी आत वाकळ पांघरून पडलो होतो आणि बाहेर इतकं शांत होतं की माझं मलाच बरं वाटलं होतं. संध्याकाळी ढोलावरचाच कागद बघून मी कमलला म्हणालो होतो, "बघ, किती स्वच्छ कागद आलाय आज." हे माझे शब्द होते. दारातून उजेड येत होता आणि ती कंदिलाची काच पुसत होती.

रविवारी संघप्रिया आली. मी तिला बसू दिलं, पाणी दिलं, आणि चहा ठेवायच्या आधीच सगळं सांगितलं. सांगताना आवाज अधिकाऱ्यापुढे जबाब देतात तसा झाला, तारीख, वेळ, कारण. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मग लॅपटॉप उघडला, पंचांग काढलं, एकेक साल ताडून पाहिलं. दहाच्या दहा. एका कागदावरचे कंप तिनं मोठे करून बघितले. आधी सावकाश, मग भराभर, मग एकदम बंद, मग पुन्हा सावकाश. "जोडी बदलायची," ती हळूच म्हणाली. आणि तोंड ओंजळीत घेऊन बसली. तीन वर्षांचं काम होतं तिचं. मी ओट्याशी उभा होतो.

"तुमाला कवा कळलं, काका?"

"गेल्या रविवारी."

"आणि बोलले न्हाईत."

"नाही बोललो. सांगितलं असतं तर तू येणं बंद केलं असतंस. मला दुसरं कुणी येत नाही, संघप्रिया."

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे पुसले, आणि कामाचं बोलली. हे दहाही दिवस यादीतून काढावे लागतील. माणसाची वर्दळ म्हणून खूण करून बाजूला टाकायचे, संगणकाला सांगायचं की यापुढे असं दिसलं तर दुर्लक्ष कर. मी म्हणालो, काढ. खोटं ठेवू नकोस. तीस वर्षांनी कमल एकदाची कुणालातरी सापडली होती आणि मी तिला परत पुसायला सांगत होतो. पण रजिस्टर माझ्या हातचं होतं. निरीक्षकाची चूक निरीक्षकानंच दुरुस्त करायची, हा नियम मला पाठ आहे. मूळ नोंद खरवडायची नाही, तिच्यावरून एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला लाल शाईनं खरं लिहायचं, सही, तारीख. मी चष्मा पुसला. संघप्रियानं एकेक पान उघडून दिलं. चौऱ्याण्णव. ‘स्थानिक सूक्ष्म कंप’वर रेघ, आणि बाजूला: ‘कमलबाई व वसाहतीतील स्त्रिया, वेधशाळेच्या अंगणात फुगडी.’ पंचाण्णव. शहाण्णव. तिसऱ्या पानापासून ती माझ्या लिहिण्याआधी नाव मोठ्यानं म्हणायला लागली, कमलबाई, आणि मी लिहायचो.

सत्त्याण्णवचं पान आलं तेव्हा ती ते उलटायला लागली. मी हात ठेवला.

"इथं काय चूक न्हाई, काका," ती म्हणाली. "इथं निरंकच हाय. यंत्र बी तेच म्हणायलंय."

रकान्यात माझ्या तेव्हाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘कंप: निरंक.’ खोडायला खरंच काही नव्हतं. मी पेन पुन्हा उचलला, आणि त्याच्यापुढे जागा होती तिथं लाल शाईनं लिहिलं, ‘निरीक्षक दिवसभर घरी होता.’ खाली सही केली आणि तारीख घातली.